अंगणवाडीचा उंबरठा आणि बालकाचे वियोगभय

मृग नक्षत्र लागले की मराठवाड्यात शेतकऱ्याची दृष्टी आभाळाकडे लागते. पहिला दमदार पाऊस होताच कापूस, मका व तुरीच्या पेरणीची एकच घाई उडते. याच सुमारास, म्हणजे जूनच्या मध्यास, शाळांची दारे उघडतात आणि मोठ्या भावंडांबरोबर घरातील तीन वर्षांचे मूलही प्रथमच अंगणवाडीकडे निघते. गोदाकाठचे पैठण असो, वैजापूर-गंगापूरचा सपाट मुलूख असो अथवा अजिंठ्याच्या डोंगराखालील सोयगाव असो, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खेड्याखेड्यांत या दिवसांत सकाळी सारखेच दृश्य दिसते. मूल आईचा पदर मुठीत घट्ट धरून दारात उभे असते. सेविका त्याला आत बोलावीत असते. आईचे अर्धे लक्ष मुलाकडे आणि अर्धे बांधावर थांबलेल्या मजूर बायकांकडे असते. अखेर कोणीतरी मुलाला खाऊ दाखविते, मुलाची नजर क्षणभर वळते आणि तेवढ्यात आई मागच्या मागे निघून जाते. मूल वळून पाहते तो माय दिसत नाही. मग जो आकांत होतो, तो चार घरे ओलांडून ऐकू येतो.

या आकांताकडे गावात बहुधा हट्ट म्हणून पाहिले जाते. ‘लाडावलेले आहे’, ‘चार दिवस रडेल आणि गप्प बसेल’ असे म्हटले जाते. पुष्कळ मुले खरोखरच काही दिवसांनी गप्प बसतात, त्यामुळे हा समज पक्का होतो. तथापि काही मुलांच्या बाबतीत आठवडाभराच्या रडण्यानंतर आजी म्हणते, ‘राहू द्या, पुढच्या वर्षी पाहू.’ त्या मुलाचे नाव हजेरीपटावर राहते, मूल मात्र घरी राहते. गरम ताजा आहार, दरमहा होणारे वजन, गाणी, गोष्टी व सवंगडी या साऱ्यांपासून ते वर्षभर दूर राहते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2020 ने वय वर्षे 3 ते 8 हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. त्या टप्प्याचे पहिले पाऊल ज्या कारणाने अडखळते, ते कारण जाणून घेणे सेविकेइतकेच सरपंचाचे आणि पर्यवेक्षिकेचेही काम ठरते.

भय कोठून येते?

जन्मानंतरचे पहिले काही महिने मूल कोणाच्याही कडेवर जाते. साधारणपणे सहा ते आठ महिन्यांचे झाले की त्याच्यात बदल दिसू लागतो. ओळखीच्या व अनोळखी चेहऱ्यांतील भेद त्याला स्पष्ट होतो, आई दृष्टीआड होताच ते रडते, शेजारीण घ्यायला आली की तोंड फिरविते. याच वयात त्याला आणखी एक गोष्ट उमगू लागते, ती म्हणजे नजरेआड झालेली वस्तू नाहीशी झालेली नसते, ती कोठेतरी असते. आई कोठेतरी आहे हे कळते, परंतु ती केव्हा येईल हे कळत नाही. या अर्धवट ज्ञानातच वियोगभयाचे मूळ आहे. वर्ष-दीड वर्षाच्या आसपास हे भय सर्वांत तीव्र असते आणि तिसऱ्या वर्षानंतर ते हळूहळू ओसरू लागते. नेमक्या याच ओसरत्या काळात आपण मुलास अंगणवाडीत आणतो. म्हणून एखादे मूल पहिल्याच दिवशी खेळात रमते आणि त्याच्याच वयाचे दुसरे पंधरा दिवस रडते, यात नवल नाही. दोन्ही मुले निरोगीच असतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनवर बॉम्बवर्षाव होत असताना लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी ॲना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम यांनी हॅम्पस्टेड येथे बालगृहे चालविली. घर कोसळण्याच्या भयापेक्षा आईपासून दुरावण्याचे दुःख लहान मुलांना अधिक खोल जखम करते, असे त्यांच्या निदर्शनास आले. पुढे जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी 1951 साली लिहिलेल्या अहवालात मातृवियोगाच्या परिणामांची चर्चा केली. त्यांचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी रुग्णालयात एकट्या ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीचे चित्रण 1952 साली लोकांपुढे आणले. दीर्घ वियोगात मूल प्रथम आक्रोश करते, नंतर खिन्न होऊन गप्प बसते आणि शेवटी आई आली तरी तिच्याकडे पाठ फिरविते, अशा तीन पायऱ्या त्यांनी दाखवून दिल्या. रुग्णालयातील बालकांस भेटण्याची पालकांना मोकळीक असावी अशी शिफारस इंग्लंडमध्ये 1959 साली झाली, तिच्यामागे या निरीक्षणांचा मोठा वाटा होता.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंगणवाडीतील काही तासांचा दुरावा आणि रुग्णालयातील अनेक दिवसांचा वियोग ही एकाच मापाने मोजण्याची गोष्ट नव्हे. अंगणवाडीत गेल्याने मुलाच्या मनावर कायमचा आघात होतो, असा या संशोधनाचा अर्थ कोणी काढू नये. त्यातून घेण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. गप्प झालेले मूल रमलेले असतेच असे नाही. कोपऱ्यात चप्पल कवटाळून बसलेले, खिचडीची थाळी पुढे असूनही न जेवणारे, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले मूल ‘शहाणे’ म्हणून गणले जाते आणि सेविकेचे सारे लक्ष मोठ्याने रडणाऱ्याकडे जाते. वस्तुतः रडणारे मूल आपले दुःख सांगत असते. अमेरिकेतील मेरी एन्सवर्थ या संशोधिकेने आधी युगांडातील खेड्यांत व नंतर बाल्टिमोर शहरात माता-बालकांचे निरीक्षण केले. आई जाताना मूल किती रडते यापेक्षा ती परत आल्यावर ते तिच्या कुशीत शिरून किती लवकर शांत होते, यावरून मायलेकरांतील विश्वासाची पारख होते, हा त्यांचा निष्कर्ष प्रत्येक सेविकेने ध्यानात ठेवावा असा आहे. दुपारी आई घ्यायला येते ती दोन मिनिटे हजेरीपेक्षाही बरेच काही सांगून जातात.

बोर्डी व कोसबाड येथील धडा

हा प्रश्न परदेशी मानसशास्त्रज्ञांनीच प्रथम ओळखला असे मात्र नाही. महाराष्ट्रात त्याचे उत्तर प्रत्यक्ष कामातून शोधले गेले, आणि तेही कोणत्याही मोठ्या साधनांविना. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे बालशिक्षणाचे काम केले होते. 1926 साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी, सुखवस्तू घरांतील मुलांसाठी रुजलेली माँटेसरी पद्धती गरिबांच्या मुलांपर्यंत कशी न्यावी, या ध्यासाने ताराबाईंनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या.

गावात बालवाडी निघाली, परंतु हरिजन वस्तीतील मुले तेथे येईनात. जातीचे अंतर होते, तसेच वस्तीपासून बालवाडीपर्यंतचे अंतरही लहान पावलांना लांबचे होते. ताराबाईंनी मुलांना ओढून आणण्याचा खटाटोप केला नाही. त्यांनी बालवाडीच उचलून वस्तीतील अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेल्या ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम त्या अंगणात आहे. मूल आपल्याच अंगणात, आईच्या हाकेच्या टप्प्यात, रोजच्या ओळखीच्या झाडाखाली बसले म्हणजे वियोगाचे भय निम्मे होते, हे त्या कृतीतले शहाणपण आहे. सामाजिक न्यायासाठी उचललेले पाऊल बालमनाच्या दृष्टीनेही अचूक पडले.

1957 साली हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे निराळी अडचण उभी राहिली. आई-बाप मजुरीला जात आणि सहा-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळीत घरी राही. तिला शाळेत बोलवावे तर कडेवरचे मूल कोठे ठेवावे? यातून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात चालविणारी ‘विकासवाडी’ आकारास आली. ताईने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः शेजारच्या वर्गात बसावे. ताई शिकू लागली आणि धाकट्यालाही घरचे माणूस जवळ राहिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली ती याच विचाराने. संस्थेने मुलाच्या जगाकडे चालत जावे, हे सूत्र दोन्ही ठिकाणी एकच होते.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बाल विकास सेवा योजना देशातील 33 प्रकल्पांतून सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव गावोगावी पोहोचले. नाव पोहोचले, परंतु अंगण मात्र कित्येक ठिकाणी मागे राहिले. आज अंगणवाडीला पक्की खोली, लोखंडी दार व कडी आहे. पाऊस-वाऱ्यापासून संरक्षण म्हणून ते योग्यच आहे, पण नव्याने आलेल्या मुलासमोर पहिल्याच दिवशी ती कडी लावणे मात्र योग्य नव्हे. बंद दारामागे रडणाऱ्या मुलाला दार हाच शत्रू वाटू लागतो आणि दुसऱ्या दिवशी ते गल्लीच्या तोंडापासूनच मागे ओढू लागते.

निरोप कसा घ्यावा

आईने नजर चुकवून जाणे ही या सर्व प्रसंगातील सर्वांत मोठी चूक होय, आणि ती मायेपोटीच घडते. मुलाचे रडणे पाहवत नाही म्हणून आई लपून जाते. मुलाला मात्र यातून एवढेच कळते की, आपण जरा दुसरीकडे पाहिले तर आई नाहीशी होते. त्यानंतर ते घरीही तिला क्षणभर सोडीत नाही. ती पाणी आणायला निघाली तरी मागे धावते, रात्री दचकून उठते. आईने मुलाला सांगून, त्याच्या डोळ्यांदेखत निघावे. निरोप थोडक्यात घ्यावा. पुनःपुन्हा मागे येऊन जवळ घेतल्याने रडणे वाढते.

परत केव्हा येणार हे मुलाला कळेल अशा भाषेत सांगावे. तीन वर्षांच्या मुलाला ‘बारा वाजता’ किंवा ‘दोन तासांनी’ याचा अर्थबोध होत नाही. त्याचे घड्याळ घटनांचे असते. ‘आधी गाणी, मग खिचडी, खिचडी झाली की मी दारात’ हे त्याला समजते. मात्र एकदा असे सांगितल्यावर खिचडीनंतर आई किंवा आजी दारात दिसलीच पाहिजे. शेतातून येणे शक्य नसेल तर जी व्यक्ती येणार असेल तिचेच नाव घ्यावे. पहिल्या आठवड्यातील मोडलेला शब्द मूल बरेच दिवस विसरत नाही. ‘आत्ता येते’ असे म्हणून संध्याकाळी येणे, हा आपल्याकडे सर्रास चालणारा आणि कोणालाच खोटा न वाटणारा खोटेपणा आहे.

‘गप्प बस, नाही तर पोलीस येईल’, ‘बाई सुई टोचतील’ अशा धमक्यांचा परिणाम वेगळा सांगण्याची गरज नाही. त्यातही दुसरी धमकी अधिक घातक आहे, कारण अंगणवाडीत खरोखरच लसीकरणाचा दिवस असतो. शक्यतो नव्या मुलाचा पहिला दिवस आणि लसीकरणाचा दिवस एकच येऊ देऊ नये.

घरची एखादी वस्तू मुलाच्या हाती राहू द्यावी. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा, वाकळेचे टोक, आजोबांचा हातरुमाल यांपैकी काहीही चालेल. स्वच्छतेच्या किंवा शिस्तीच्या नावाखाली ती वस्तू काढून घेण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी अशा वस्तूंचे मोल दाखवून दिले आहे. घर आणि बाहेरचे जग यांच्यामधला तो एक पूल असतो. मूल रमले की ती वस्तू आपोआप कोपऱ्यात पडून राहते.

कन्नड व सोयगाव तालुक्यांतील बंजारा तांड्यांवरील मुलांबाबत आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. ही मुले घरी गोरमाटी बोलतात. सेविकेची मराठी त्यांना अनोळखी असली तर आईबरोबर भाषाही दाराबाहेर राहते. संभाजीनगर शहरातील उर्दू किंवा हिंदी बोलणाऱ्या वस्त्यांत हीच स्थिती उलटसुलट दिसते. सेविकेला मुलाच्या भाषेतील दहा-बारा शब्द जरी आले, पाणी, भूक, शी-शू, आई, ‘दुखते का’ एवढे जरी विचारता आले, तरी त्या मुलाला आधार मिळतो. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीलगत, रांजणगाव व बजाजनगरसारख्या भागात, कामासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेली कुटुंबे राहतात. तेथे घरात आजी नसते, शेजार ओळखीचा नसतो आणि आई-वडिलांपलीकडे तिसऱ्या माणसाच्या अंगावर मूल कधी गेलेलेच नसते. खेड्यात मामाच्या गावी, आत्याच्या घरी दोन-चार दिवस राहून मुलाला दुराव्याची सवय झालेली असते. पाळीच्या कामावर जाणाऱ्या या कुटुंबातील मुलाला ती संधी मिळालेली नसते. म्हणून शहरालगतच्या अंगणवाड्यांत रुळण्याचा काळ अधिक धरावा.

पंचायत काय करू शकते?

जूनमध्ये सर्व नव्या मुलांना एकाच दिवशी आणण्याची प्रथा शाळेकडून अंगणवाडीत आली आहे. तिला आधार नाही. मूल वर्षातील कोणत्याही महिन्यात तीन वर्षांचे होते, आणि अंगणवाडीचे कामही शाळेच्या सत्रांना बांधलेले नसते. पेरणीच्या ऐन घाईत आईला अर्धा तासही बसता येत नाही, त्याच आठवड्यात दहा नवी मुले एका सेविकेपुढे उभी करणे म्हणजे दोघांचीही कोंडी करणे होय. एका वेळी दोन किंवा तीन मुले घ्यावीत. ज्यांना पेरणीपूर्वी आणता येईल त्यांना उन्हाळ्यातच, सकाळच्या थंड वेळी, आईसह तासभर बोलवावे. उरलेल्यांना पेरण्या आटोपल्यावर आणावे. पहिले तीन-चार दिवस आई किंवा आजीने आत बसावे, नंतर दाराबाहेर, नंतर घरी. प्रवेशोत्सवाच्या दिवशी बैलगाडी, ढोल-ताशा व पाहुण्यांचे हारतुरे असतात. सहा वर्षांच्या मुलाला त्याचा आनंद वाटतो, तीन वर्षांचे मूल मात्र भेदरून जाते. त्याला या मिरवणुकीतून वगळले तरी उत्सवात काही उणे पडणार नाही.

मुलांना घरून आणणे हे मदतनिसाच्या कामातच मोडते. पहिल्या पंधरवड्यात ती एकच व्यक्ती रोज त्याच मुलाच्या दारात गेली, त्याच्या आईशी दोन शब्द बोलली, तर निरोप घराच्या उंबरठ्यावर होतो आणि मुलाला सोबतीला ओळखीचे बोट मिळते. मुख्य अट एवढीच की, सेविका व मदतनीस यांची या दिवसांत बैठका, सर्वेक्षणे व नोंदवह्यांच्या कामांतून शक्य तितकी सुटका व्हावी. जूनचा दुसरा पंधरवडा बैठकांपासून मोकळा ठेवणे प्रकल्प कार्यालयाच्या हाती आहे. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून अंगणवाडीपुढे सावली, कुंपण आणि आयांना बसण्यासाठी एक ओटा झाला, तर बोर्डीचे ते अंगण थोडेफार परत येईल. पेरणी-वेचणीच्या दिवसांत दाराशी बसण्यासाठी गावातील एखादी आजी पुढे येऊ शकते, आणि तिला मानाने बोलावण्याचे काम सरपंचांनी करावे.

बहुतेक मुले दोन ते चार आठवड्यांत रुळतात. त्यानंतर पंचमीला आई माहेरी जाते, मूल मामाच्या गावी आठ दिवस राहते आणि परतल्यावर पुन्हा पहिल्या दिवसासारखे रडते. दिवाळीनंतरही तसेच घडते. ही अधोगती नव्हे, दुसऱ्या वेळी मूल अधिक लवकर सावरते. परंतु चार आठवडे उलटूनही रडणे कमी झाले नाही, जेवण तुटले, वजन घटले, पोट दुखण्याची तक्रार रोज सकाळीच होऊ लागली किंवा बोलणारे मूल अबोल झाले, तर त्याची नोंद घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते, त्याच्यापुढे हे मूल अवश्य आणावे. त्याआधी सेविकेने घरी जाऊन यावे. घरात नवे बाळ आले असेल, कोणी आजारी असेल, भांडणे होत असतील, किंवा अंगणवाडीतच कोणी मूल त्याला मारीत असेल. यांपैकी एखादे कारण चौकशीत बहुधा सापडते.

सर्वांत कठीण प्रश्न ऊसतोड कुटुंबांतील मुलांचा आहे. दसऱ्यानंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही जण लहान मुलांना बरोबर नेतात, काही आजीपाशी ठेवतात. मागे राहिलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाचा वियोग तासांचा नसून पाच-सहा महिन्यांचा असतो, आणि रॉबर्टसन यांनी वर्णिलेल्या पायऱ्या येथे लागू पडतात. अशा मुलांची यादी सेविकेने दसऱ्यापूर्वीच करून ठेवावी. जाताना आईने मुलाला सांगून जावे, अंधारात झोपलेले सोडून जाऊ नये. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी आजीच्या किंवा सेविकेच्या दूरध्वनीवर आईचा आवाज ऐकविता येतो, त्याला पैसाही लागत नाही. या काळात सेविका बदलू नये. बदली अपरिहार्य असेल तर ती हंगाम संपेपर्यंत लांबवावी, कारण त्या मुलाच्या दृष्टीने सेविकाच तेवढे रोज दिसणारे, न जाणारे माणूस असते.

चैत्रात टोळी परत येते. तेव्हा मूल आईकडे धावत जाईलच असे नाही. ते आजीमागे लपते, आईने दिलेला खाऊ घेत नाही, आणि आईच्या डोळ्यांत पाणी येते. दोन-चार दिवसांनी ते तिला असे बिलगते की अंगणवाडीचे नाव काढू देत नाही. गैरहजेरीची नोंद करून पर्यवेक्षिकेला कळविण्याची ही वेळ नव्हे. आईला मुलासह अंगणवाडीत बोलवावे, जूनमध्ये बसविले होते तसेच पुन्हा आत बसवावे आणि तिने खिचडी होईपर्यंत तेथेच थांबावे.